टायटॅनियम : मुबलक धातू, महाग घड्याळ

दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कापसाच्या शेतात जा आणि धुऱ्यावरच्या धुळीतून लोहचुंबक फिरवा. त्याला बारीक काळी भुकटी चिकटते. शाळकरी पोरं हा खेळ पिढ्यानपिढ्या खेळत आली आहेत आणि त्या भुकटीला लोखंड समजत आली आहेत. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. ही भुकटी मुख्यतः मॅग्नेटाइट या खनिजाची असते आणि दख्खनच्या काळ्या दगडातून सुटलेल्या मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाच्या जोडीला टायटॅनियमही असतं. काळ्या मातीच्या रंगाचं श्रेय अभ्यासक बराच काळ या टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटलाच देत होते. आता चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य यांच्या संयोगाचा वाटाही त्यात मोठा मानला जातो. टायटॅनियम मात्र मातीत आहे, याबद्दल वाद नाही.

ते आलं लाव्हारसातून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर थरावर थर पसरले आणि थिजून त्यांचा बेसाल्ट झाला. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, झरी-जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डी परिसरात या थिजलेल्या लाव्ह्याचे कोनदार खांब उघड्यावर दिसतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रमाण बहुतेक ठिकाणी दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतं. कमीत कमी, म्हणजे दोनच टक्के धरू. एक टन दगडात २० किलो ऑक्साइड, आणि त्यातला ऑक्सिजन वजा केला की १२ किलो शुद्ध धातू. टायटॅनियमच्या एका खेळाच्या घड्याळात, केस आणि धातूचा पट्टा मिळून, साधारण ६५ ते ७० ग्रॅम धातू लागतो. म्हणजे बैलगाडीभर, टनभर गिट्टीत सुमारे पावणेदोनशे घड्याळांपुरतं टायटॅनियम पडून आहे.

तरीही ते कुणी काढत नाही. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या क्रमाने नववं असलेलं हे मूलद्रव्य तांबं, जस्त आणि शिसं यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. मग त्याचं घड्याळ लाखोंच्या भावात का जातं? उत्तर धातूच्या दुर्मिळतेत सापडत नाही. ते दोन कष्टांमध्ये आहे: टायटॅनियमला ऑक्सिजनपासून सोडवण्याचे कष्ट आणि सोडवल्यावर त्याला आकार देण्याचे कष्ट. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे गणित नवं नाही. कापसाची रुई होते, रुईचं सूत, सुताचं कापड. यवतमाळजवळच्या लोहारा एमआयडीसीत डेनिमही विणलं जातं. पण शेतातल्या बोंडाचा भाव आणि शोरूममधल्या जीन्सचा भाव यांत जे अंतर पडतं, ते बोंडापलीकडच्या हातांनी पाडलेलं असतं. टायटॅनियमच्या बाबतीत हे अंतर आणखी लांब आहे.

मातीतून धातूपर्यंत

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातले पाद्री विल्यम ग्रेगर यांना १७९१ मध्ये ओढ्याच्या काळ्या, चुंबकाला चिकटणाऱ्या वाळूत एका अनोळखी धातूचं ऑक्साइड सापडलं. चार वर्षांनी बर्लिनचे रसायनतज्ज्ञ मार्टिन क्लापरोथ यांना तेच द्रव्य रुटाइल या खनिजात मिळालं आणि त्यांनी त्याचं नामकरण केलं. नाव मिळालं, धातू मात्र हाती लागेना. पुरेसा शुद्ध धातू मिळायला १९१० साल उजाडलं. अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी टायटॅनियमचं क्लोराइड आणि सोडियम पोलादी बंद भांड्यात तापवून तो काढला.

लोखंडाचा दगड कोळशाबरोबर भट्टीत घातला की कोळसा त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड सुटं होतं. टायटॅनियमवर ही युक्ती चालत नाही. ऑक्सिजन सुटला तरी ते कोळशातलाच कार्बन धरून बसतं. हवेत वितळवायला जावं तर ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन ठिसूळ होतं. लक्झेंबर्गचे विल्यम क्रोल यांनी १९३० च्या दशकात यातून वाट काढली. आधी खनिज क्लोरिन आणि कोळशाबरोबर तापवून टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव बनवायचा. तो १३६ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येतो. मग हवा काढून आर्गॉन भरलेल्या पोलादी पिंपात तो वितळलेल्या मॅग्नेशियमवर सोडायचा. मॅग्नेशियम क्लोरिन पळवतं आणि मागे उरतो सच्छिद्र, करडा गोळा. त्याला स्पंज म्हणतात. एकेका घाण्याला कित्येक दिवस लागतात. नंतर हा स्पंज निर्वातात विजेच्या ठिणगीने वितळवून त्याच्या लगडी ओतायच्या. १९४८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने व्यापारी उत्पादन सुरू केलं आणि आजही जगातलं बहुतेक टायटॅनियम क्रोल यांच्याच वाटेने येतं.

ही वाट महाग असल्यामुळे जगात खणल्या जाणाऱ्या टायटॅनियम खनिजापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खनिज धातू होतच नाही. ते ऑक्साइडच राहतं आणि पांढरा रंग म्हणून भिंतींवर, कागदावर आणि प्लास्टिकमध्ये जातं. धातू होण्याचं भाग्य लाभतं ते उरलेल्या थोड्या हिश्श्याला. त्याचे पहिले गिऱ्हाईक लष्करवाले होते. अमेरिकेचं ब्लॅकबर्ड हे हेरविमान जवळजवळ सगळंच टायटॅनियमच्या मिश्रधातूंचं होतं, तर सोव्हिएत संघाने टायटॅनियमच्या पाणबुड्या बांधल्या. टायटॅनियम घड्याळात यायला १९७० साल उजाडावं लागलं.

मनगटाला काय हवं असतं

खेळाच्या घड्याळाला घाम, धूळ, पाणी, धक्का आणि ऊन सोसावं लागतं. शिवाय ते मनगटावर आहे हे जाणवता कामा नये. इथे पहिला मुद्दा वजनाचा येतो. एक घन सेंटिमीटर पोलादाचं वजन सुमारे ८ ग्रॅम, टायटॅनियमचं साडेचार. पोलादात केस आणि पट्टा मिळून १२० ग्रॅम भरणारं घड्याळ जसंच्या तसं टायटॅनियममध्ये बनवलं तर ते ६७ ग्रॅमच्या आसपास येतं. तेच १८ कॅरेट सोन्यात बनवलं तर सुमारे २३० ग्रॅम, म्हणजे जवळपास वीस तोळे होतील. लग्नमंडपात वीस तोळे शोभतील, पण क्रिकेटच्या मैदानावर किंवा टिपेश्वरच्या जंगलवाटेवर ते हाताला ओझं होतात.

दुसरा मुद्दा गंजाचा. ज्या ऑक्सिजनने धातू काढताना एवढा छळ मांडला, तोच इथे राखण करतो. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी क्षणात नवा येतो. समुद्राचं खारं पाणी आणि माणसाचा खारट घाम, दोन्ही त्याच्यापुढे हतबल ठरतात.

तिसरा मुद्दा कातडीचा. चांगल्या घड्याळांसाठी वापरलं जाणारं ३१६ एल जातीचं स्टेनलेस स्टील साधारण १० ते १४ टक्के निकेल बाळगून असतं. ते निकेल धातूत पक्कं बांधलेलं असल्याने बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण नकली दागिन्यांनी ज्यांच्या कानाला किंवा गळ्याला खाज सुटते, त्यांतल्या काहींना घामाच्या दिवसांत स्टीलचा पट्टाही सोसत नाही. शुद्ध टायटॅनियममध्ये निकेल मिसळलेलं नसतं. शरीर तर त्याला आतही थारा देतं. स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रॉनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं, की टायटॅनियमची नळी हाडाला अशी भिनली आहे की निघतच नाही. आजची दातांची इम्प्लांट त्यातूनच आली. यवतमाळच्या दवाखान्यात मोडलेल्या हाडाला पट्टी बसवायची वेळ आली की नातेवाइकांपुढे "स्टीलची की टायटॅनियमची?" हा प्रश्न येतो. ती टायटॅनियमची पट्टी आणि उंची घड्याळाची केस पुष्कळदा एकाच मिश्रधातूच्या घराण्यातल्या असतात.

चौथा मुद्दा उन्हाचा, आणि विदर्भात तो सांगायलाच हवा. टायटॅनियम उष्णतेचा मंद वाहक आहे. शुद्ध टायटॅनियम लोखंडाच्या साधारण पाव पटीने उष्णता वाहून नेतं. मिश्रधातू तर स्टेनलेस स्टीलच्याही निम्म्याने. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना मोटरसायकलवर उन्हात तापलेलं पोलादी घड्याळ कातडीला चटका देतं. टायटॅनियम तितकंच तापलं तरी ती उष्णता हळूहळू सोडतं, म्हणून चटका कमी जाणवतो. पौषातल्या पहाटे मनगटावर बांधताना ते गार लागत नाही, त्याचंही कारण हेच.

जपानने सुरुवात केली

टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सिटिझन कंपनीने १९७० मध्ये बाजारात आणलं. एक्स-८ क्रोनोमीटर असं त्याचं नाव. सिटिझन म्हणजे तीच कंपनी, जिच्या तंत्रसाहाय्याने १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. वऱ्हाडातल्या मास्तरांपासून तलाठ्यांपर्यंत कित्येकांनी आयुष्यभर चावी दिलेल्या एचएमटी जनताचं आणि जगातल्या पहिल्या टायटॅनियम घड्याळाचं गुरुकुल एकच.

१९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने सायको कंपनीला पत्र लिहून कळवलं, की तुमची घड्याळं खोल समुद्रातल्या कामात टिकत नाहीत. सायकोने सात वर्षं घेतली आणि १९७५ मध्ये ६०० मीटर खोलीचं घड्याळ आणलं. त्याची केस टायटॅनियमची होती. पाणबुड्यांसाठीच्या घड्याळात हा धातू पहिल्यांदा वापरला गेला. १९८० मध्ये स्वित्झर्लंडच्या शाफहाउझनमधल्या आयडब्ल्यूसी कंपनीने फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांच्या आरेखनावरून टायटॅनियमचा पहिला क्रोनोग्राफ काढला आणि १९८२ मध्ये २,००० मीटर खोली सोसणारं ओशन २००० हे घड्याळ.

तोवर उंची घड्याळांच्या जगातलं एक जुनं सूत्र मोडलेलं होतं. मौल्यवान घड्याळ सोन्याचंच असायचं, हा दंडक ओडेमार पिगे कंपनीने १९७२ मध्ये रॉयल ओक काढून मोडला. जेराल्ड जेंटा यांनी आखलेलं हे घड्याळ होतं पोलादाचं आणि किंमत मात्र कित्येक सोन्याच्या घड्याळांहून जास्त. पैसे धातूचे नाहीत, धातूवर केलेल्या कामाचे आहेत, हे गिऱ्हाइकाला पटवण्याची ती सुरुवात होती. टायटॅनियमला पुढे हाच युक्तिवाद आयता मिळाला.

तरी बड्या घराण्यांनी त्याला जवळ करायला वेळ लावला. जड म्हणजे मोलाचं ही सवय सराफाच्या तराजूपासून माणसाच्या हातात मुरलेली आहे. हलकं घड्याळ प्लास्टिकचं वाटण्याची भीती कंपन्यांना होती. रोलेक्सने विक्रीसाठीचं पहिलं टायटॅनियम घड्याळ आणलं ते थेट २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. डीपसी चॅलेंज हे त्याचं नाव. व्यास ५० मिलिमीटर, क्षमता ११,००० मीटर खोलीची. त्याच्या दहा वर्षं आधी चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांच्या पाणबुडीबरोबर मारियाना गर्तेत उतरलेल्या प्रायोगिक घड्याळापेक्षा ते ३० टक्के हलकं होतं. पुढच्याच वर्षी शिडाच्या नौकांच्या शर्यतीसाठी यॉट-मास्टर ४२ आलं.

मजबूत आहे, कठीण नाही

दुकानात हमखास ऐकू येणारं एक वाक्य असं : टायटॅनियम पोलादापेक्षा कडक असतं, त्याला ओरखडा पडत नाही. हे वाक्य दोन वेगळे गुण एकत्र करतं. वजनाच्या मानाने तुटण्या-वाकण्याला विरोध करण्यात टायटॅनियम पोलादाला मागे टाकतं, ही मजबुती. पृष्ठभागावर चरा पडू न देणं हा कठीणपणा, आणि त्यात साधं टायटॅनियम कमी पडतं. घड्याळांत बहुधा दोन जाती भेटतात. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध धातू. तो राखाडी, मऊसर असतो आणि खिशातल्या किल्ल्यांनीही चरे पडतात. ग्रेड ५ म्हणजे ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू. हा ग्रेड २ पेक्षा दुपटीहून कठीण, उजळ आणि चकाकी घेणारा. रोलेक्सचं टायटॅनियम ग्रेड ५ चंच आहे. ओमेगाने 'नो टाइम टू डाय' या बाँडपटासाठी काढलेलं सीमास्टर मात्र मुद्दाम ग्रेड २ चं आहे, कारण तिथे लष्करी वापराचा मळकट करडेपणाच हवा होता.

ही दुसरी जात कापणं हे कारखान्याचं खरं दुखणं. पोलाद कापताना बरीच उष्णता कीस घेऊन जातो. टायटॅनियम उष्णता वाहून नेत नसल्यामुळे ती बहुतेक टूलच्या टोकाशी साठते. टूल झिजतं, धातू त्याला चिकटतो, आणि बारीक कीस पेट घेऊ शकतो. म्हणून लेथचा वेग कमी ठेवायचा, थंड द्रवाची धार अखंड सोडायची आणि टूल वारंवार बदलायचं. मनगटाला चटका न देणारा गुण तोच, कारागिराला चटके देणाराही तोच.

चकाकी आणणं त्याहून अवघड. पॉलिशच्या चाकावर हा धातू चिकट वागतो आणि जरा जोर झाला की जळाल्यासारखा डाग पडतो. जपानच्या ग्रँड सायकोने यावर हुकूमत मिळवली. सपाट फिरत्या तबकडीवर केस हाताने धरून आरशासारखी सपाट झळाळी आणण्याची त्यांची झारात्सू पद्धत शिकायला कारागिरांना वर्षं लागतात. बर्फाच्छादित डोंगरांवरून सुचलेल्या तबकडीचं त्यांचं 'स्नोफ्लेक' हे घड्याळ अशाच टायटॅनियमचं आहे. सिटिझनने दुसरा मार्ग धरला. धातूच्या पृष्ठभागालाच कठीण करणारी ड्युराटेक्ट ही प्रक्रिया त्यांनी आणली, आणि असा पृष्ठभाग स्टेनलेस स्टीलच्या पाचपट कठीण असल्याचं कंपनी सांगते. पण असा कवचधारी पट्टा एकदा खरवडला की नेहमीच्या घड्याळजीला तो पॉलिश करून पूर्ववत करता येत नाही.

आणखी एक गैरसमज चुंबकाचा. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही हे खरं. पण म्हणून आतलं यंत्र सुरक्षित होतं असं नाही. मोबाइलच्या कव्हरमधला चुंबक किंवा स्पीकर यांचं क्षेत्र टायटॅनियममधून सरळ आत शिरतं आणि केसमधली बारीक कमान भारली की घड्याळ पुढे पळतं. त्याला अडवायचं तर यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी किंवा यंत्रातच सिलिकॉनसारखे अचुंबकीय भाग लागतात.

मुंबईमार्गे

स्विस घड्याळं आणि वऱ्हाडचा कापूस यांची गाठ जुनी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई रातोरात श्रीमंत झाली. त्याच लाटेच्या शेवटी, १८६५ मध्ये, १७३७ सालापासून घड्याळं करणाऱ्या फाव्र-ल्युबा या स्विस घराण्याने भारतीय बाजारात पाऊल ठेवलं आणि मुंबईत बस्तान बसवलं. मराठी घरांत या नावाचं 'फेवर ल्युबा' झालं. पुढे जावयाच्या मनगटावर फेवर ल्युबा असणं ही सासऱ्याची पत ठरली.

या घराण्याने १९६२ मध्ये गिर्यारोहकांसाठी बिव्हुआक नावाचं घड्याळ काढलं. उंची आणि हवेचा दाब दाखवणारं ते पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ. नंतर कंपनी ढासळली, मालक बदलत गेले, आणि २०११ मध्ये टाटा समूहातल्या टायटन कंपनीने ती विकत घेतली. टायटनच्या मालकीच्या काळातच बिव्हुआक ९००० आलं. ९,००० मीटरपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, उंची मोजणारं, ४८ मिलिमीटर व्यासाचं, आणि केस टायटॅनियमची. उंची मोजणारी दाबपेटी आत बसवायची तर घड्याळ मोठं होणारच, आणि एवढा पोलादी ऐवज चढाईत हातावर कुणी वागवला नसता. इथे टायटॅनियम चैनीसाठी आलेलं नव्हतं. त्याच्याशिवाय ते घड्याळ वापरण्याजोगंच झालं नसतं. २०२३ मध्ये फाव्र-ल्युबा इथॉस या दुसऱ्या भारतीय कंपनीच्या समूहाकडे गेली.

भारताकडे कच्च्या मालाची वाण नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर तर त्याहून जास्त. केरळातल्या चवऱ्याला २०११ मध्ये वर्षाला ५०० टन क्षमतेचा स्पंज कारखाना सुरू झाला आणि हैदराबादची मिधानी त्या स्पंजपासून मिश्रधातू बनवते. त्यांचं गिऱ्हाईक अवकाश आणि संरक्षण खातं आहे. वाळू, स्पंज, मिश्रधातू आणि घड्याळांचे कारखाने, चारही आपल्याकडे आहेत. मधला दुवा, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशात धातू कापून त्यावर झारात्सूसारखी झळाळी चढवणारा हात, हा स्वित्झर्लंड आणि जपानने पिढ्यान्पिढ्या जोपासला आहे. घड्याळाची किंमत याच दुव्यावर ठरते.

घेताना

त्यामुळे टायटॅनियमचं घड्याळ घेणाऱ्याने दुकानदाराला विचारायचं ते धातूच्या प्रकाराबद्दल आणि त्यावरच्या कामाबद्दल. ग्रेड २ की ग्रेड ५? पृष्ठभाग कठीण केलेला आहे का, आणि असेल तर चरा पडल्यावर काय करता येईल? पट्टाही टायटॅनियमचा आहे की फक्त केस? पट्ट्याच्या कड्यांमधले पिन आणि पाठीचे स्क्रू कशाचे आहेत? टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की ते एकमेकांत रुतून बसतं, म्हणून चांगले उत्पादक तिथे दुसरा धातू किंवा लेप वापरतात. आणि दुरुस्तीला ते नागपूरला जाईल, मुंबईला की थेट परदेशी?

शेवटचा हिशेब घरातल्या जाणत्या माणसांना विचारला तरी चालेल. सोन्याच्या घड्याळाचं यंत्र कायमचं बंद पडलं तरी सराफाकडे त्याची मोड मिळते. टायटॅनियमच्या घड्याळातला धातू काहीशे रुपयांचा. मोडीत त्याला विचारणारं कुणी नाही. लाखांतला उरलेला प्रत्येक रुपया भट्टीतल्या दिवसांचा, झिजलेल्या टूलचा, पॉलिशवाल्याच्या हाताचा आणि तबकडीवरच्या नावाचा आहे. पहिल्या तिघांसाठी किती मोजायचे आणि चौथ्यासाठी किती, हे ज्याला ठरवता आलं, त्याने दुकानात पाऊल टाकायला हरकत नाही.